'रिसीव्ह' म्हणजे कबूल नव्हे

फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावातही आता डिलिव्हरी चलन, बिल आणि मोबाईलवर येणारा व्यवहाराचा निरोप, या तिन्हींत इंग्रजीचा भरणा असतो. आमचा सुतार, शिलाई कारागीर, किराणा किंवा हार्डवेअरचा दुकानदार हे कागद रोज हाताळतो. सर्वांनी अस्खलित इंग्रजी शिकावे असा आमचा आग्रह नाही. परंतु ज्या एका क्रियापदाखाली आपण रोज सही करतो ते तरी नीट आले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते क्रियापद म्हणजे 'रिसीव्ह'.

वास्तविक पाहता हा शब्द परका असला तरी त्याचा अर्थ आपल्याला परका नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता व सरकारी कारभार उर्दूत चाले. त्या वेळचे आपले वाडवडील 'रसीद' घेत. हा शब्द फारसीतील पोहोचण्याच्या क्रियापदापासून आला आहे. मराठीत आपण 'पोच' म्हणतो, ती पोचण्यावरून. आणि 'पावती' म्हणतो, ती पावण्यावरून. तिन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात : वस्तू हाती आली. 'रिसीव्ह' सुद्धा तेवढेच सांगतो. माल पसंत पडला, दर मान्य झाला, हिशेब मिटला, यांपैकी काहीही तो सांगत नाही. त्यासाठी इंग्रजीत 'ॲक्सेप्ट' हे निराळे क्रियापद आहे. त्याला आपण 'कबूल' म्हणतो आणि या शब्दाचे वजन आमच्या वाचकांना सांगायला नको. पैगाम घरी पोचला म्हणजे निकाह झाला, असे कोणी समजत नाही. मग खोकी दुकानात उतरली म्हणजे माल कबूल झाला, असे का समजावे?

चूक कोठे होते?

चुकीचे मूळ आपल्या बोलीत आहे. मराठीत 'मला पैसे मिळाले', उर्दूत 'मुझे पैसे मिले'. दोन्हीकडे पैसे कर्ता आहेत. इंग्रजीत मात्र घेणारा माणूस कर्ता होतो : 'आय रिसीव्ड द मनी'. शिवाय 'मिळाले आहेत' यातील 'आहेत'साठी आपण 'ॲम' घालतो आणि 'आय ॲम रिसीव्ड' असे लिहून बसतो. त्याचा अर्थ होतो, मलाच कोणीतरी स्वीकारले! तेथे 'हॅव' हवे : 'आय हॅव रिसीव्ड'.

काळाचे भान तर त्याहून महत्त्वाचे. तारीख सांगायची असेल तर 'वुई रिसीव्ड द पेमेंट ऑन मंडे', म्हणजे रक्कम सोमवारी मिळाली. तारीख न सांगता 'मिळाली आहे' एवढेच म्हणायचे असेल तर 'वुई हॅव रिसीव्ड'. पुढे मिळणार असेल तर 'वुई विल रिसीव्ह'. मिळाली नसेल तर 'वुई हॅव नॉट रिसीव्ड' किंवा 'वुई डिड नॉट रिसीव्ह'. 'डिड' आला की शेवटचा 'ड' गळतो, हे ध्यानात ठेवावे. नुसते 'पेमेंट रिसीव्ह' असे लिहिले तर रक्कम आली, येणार आहे की समोरच्याने घ्यावी, काहीच उमगत नाही. अशा अर्धवट निरोपावर माल गाडीत चढवणे म्हणजे आपणच भांडणाचे बी पेरणे होय.

आणखी दोन छोटे शब्द सांभाळावेत. 'रिसीव्ड फ्रॉम' यापुढे देणाऱ्याचे नाव येते आणि 'रिसीव्ड बाय' यापुढे घेणाऱ्याचे. व्हाउचरवर ही नावे उलटली की देणारा घेणारा ठरतो.

कायदा कोणाच्या बाजूने?

मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे ज्याने माल आधी पाहिलेला नाही, त्याला तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असे धरले जात नाही. म्हणजे कायद्यालाही पोच आणि कबुली यांतील फरक मान्य आहे. मात्र वाजवी मुदत उलटूनही आपण गप्प राहिलो तर ती गप्पच कबुली ठरते. शिवाय चलनावर 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असेल आणि खाली आपली सही असेल, तर तोच कागद पुढे आपल्याविरुद्ध दाखवला जातो.

माल बनवणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने याच सहीची दुसरी बाजू आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. गिऱ्हाइकाने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर दिवस मोजायचे ते माल मिळाल्या तारखेपासून. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज मागता येते. तेव्हा 'रिसीव्ड' या शब्दाशेजारची तारीख ही कारागिराची मजुरी आहे. ती कोरी सोडू नये.

मोबाईलवरचा निरोप म्हणजे नुसती गप्पागोष्ट, असाही समज नको. ई-मेलवर झालेला सौदा बंधनकारक ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेदांत ॲल्युमिनियमच्या खटल्यात मान्य केले आहे.

तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे थोडकेच आहे. खोकी न उघडता सही करावी लागली तर सहीवर मराठीत लिहावे : 'फक्त नग मोजून घेतले, माल तपासलेला नाही'. करार इंग्रजीतच असला पाहिजे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. तपासणीत खोट आढळली तर त्याच आठवड्यात लेखी कळवावे. माल आपण दिला असेल तर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नये. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आपल्याला आहेच. लिहिलेला शब्द समजून लिहावा, ही त्याच ताकिदीची पुढची पायरी आहे. दुकानावर बसणाऱ्या मुलाला हे एक क्रियापद तिन्ही काळांत घोटून शिकवावे. त्याला लागणारा वेळ एका बुडीत बिलापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.