खाडा

गेल्या महिन्यात जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात जाणारी एक ताई घरी आली. मुलाला ताप भरला म्हणून तिचा दोन दिवस खाडा झाला. तिसऱ्या दिवशी मुकादमाने तिला फाटकावरूनच परत पाठवले. नोटीस नाही, कागद नाही. "साहेबांनी नाव काढलं" एवढेच. त्याआधी पंधरा मिनिटे उशीर झाला तर अर्धा दिवस कापला होता. ते तर तिला बरोबरच वाटत होते. "उशीर माझाच ना, भाऊ!" धुळ्याला अवधानच्या वसाहतीतल्या कामगारांकडूनही असेच ऐकतो.

मी स्वतः कारकून. हजेरीपट भरण्यात वीस वर्षे गेली. मस्टरवर फुली मारायला क्षण लागतो. पण त्या फुलीची किंमत मालकाने मनाला येईल तशी लावायची नसते.

जितका वेळ गैरहजर, तितक्याच वेळाचा पगार कापता येतो. हा नियम 1936 च्या वेतन कायद्यात होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तो आहे. पंधरा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापणे हा अन्याय आहे.

आता नाव काढण्याबद्दल. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज हा खटला लक्षात ठेवा. आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिला म्हणून कंपनीने 1980 साली त्या कामगाराचे नाव काढले. तो म्हणत होता, मी रोज येत होतो, मला फाटकावर अडवले, मस्टरवर सही करू दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली सांगितले की, म्हणणे ऐकल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय असे काढता येत नाही. नोकरी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कामगार परत कामावर घेतला गेला, निम्मा थकलेला पगारही मिळाला. पण तेरा वर्षे गेली!

कारखान्याने नोकरीचे नियम लेखी ठेवावेत, हा कायदा 1946 साली झाला, तेव्हा बाबासाहेब मजूरमंत्री होते. नव्या संहितेत हे बंधन 300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच आहे. आपल्याकडचे बरेच कारखाने त्याहून लहान. म्हणून आता आपला कागद आपणच जपला पाहिजे.

रजेचा अर्ज दोन प्रतींत लिहा, एका प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मुकादमाला फोनवर केलेला निरोप पुसू नका. दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेवा. फाटकावर अडवले तर त्याच दिवशी तसे लिहून पाठवा, आणि कामगार आयुक्त कार्यालयात जा. एकटे जाऊ नका.

ताईचा अर्ज आम्ही लिहिला. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. पण तिच्या पाळीतल्या चार बाया परवा वही-पेन घेऊन आल्या. "भाऊ, रजेचा अर्ज कसा लिहायचा, ते आम्हालाही शिकवा."

शिकवतो आहे.