सोल पिवळा पडला? पडू दे की!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय ऐकून हसाल, पण हसून झालं की शेवटपर्यंत वाचा. विषय आहे बुटांचे सोल. साधेसुधे नाहीत हं, ते पारदर्शक, किंचित निळसर झाक असलेले, ज्यांना स्नीकरवेडे लोक 'आयसी' म्हणतात ते. हे सोल काही वर्षांत पिवळे पडतात. मग ते ब्लीच करून 'नवे' करायचे आणि चढ्या भावाने विकायचे, असा धंदा चालतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: स्वतःसाठी ब्लीच करा, खुशाल करा. पण ब्लीच केलंय हे न सांगता जोड विकणं ही शुद्ध फसवणूक आहे, आणि तिला 'रिस्टोरेशन' असं भारदस्त नाव देणं म्हणजे वर तोंड करून बोलणं.

थोडी पार्श्वभूमी. टिंकर हॅटफील्डने १९९० साली एअर जॉर्डन ५ केला, आणि जॉर्डन मालिकेत पारदर्शक सोल पहिल्यांदा आला. १९९५ च्या एअर जॉर्डन ११ मध्ये तर चकचकीत पेटंट लेदर आणि सोलमधून दिसणारी कार्बन फायबरची पट्टी! मायकेल जॉर्डनने तो बाजारात यायच्या आधीच प्लेऑफमध्ये ऑरलँडोविरुद्ध घातला, आणि मग काय, वेडच लागलं. त्याचा 'कॉन्कॉर्ड' हा पांढरा-काळा प्रकार २०००, २०११ आणि २०१८ मध्ये पुन्हा निघाला. म्हणजे एकाच नावाचे, दिसायला साधारण सारखे, पण वयाने वेगवेगळे जोड आज फिरतायत. आतल्या लेबलवरून बूट कधी बनला ते कळतं. पण मधली वर्षं तो कसा राहिला, उन्हात की कपाटात, दमट हवेत की कोरड्या, हे बऱ्याच अंशी सोल सांगतो.

कारण हा पिवळेपणा म्हणजे मळ नव्हे. साबणाने घासून जाणार नाही. हवेतला ऑक्सिजन आणि उन्हातले अतिनील किरण यांनी त्या पॉलिमरमध्येच बदल होतात, निळा प्रकाश शोषून घेणाऱ्या रचना तयार होतात, आणि म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. खोक्यात बंद ठेवलं म्हणून सुटका नाही, हवा तिथेही असतेच.

यावरचा लोकप्रिय उपाय माहितीये? सलूनमध्ये केस रंगवताना वापरतात ते क्रीम डेव्हलपर! 'व्हॉल्यूम ४०' म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. वरच्या भागाला टेप लावायची, सोलला क्रीम फासायचं, प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळायचं आणि काही तास उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवायचं. (हातमोजे घाला राव, कातडी पोळते.) आमच्या जमातीला ही युक्ती चांगली ओळखीची आहे. जुन्या कॉम्प्युटरची पिवळी पडलेली कॅबिनेट पांढरी करायला २००८ च्या सुमारास 'रेट्रोब्राइट' नावाने हेच प्रकरण गाजलं होतं. आणि त्या लोकांचा अनुभव काय? काही काळाने पिवळेपणा परत येतो!

येणारच. पेरॉक्साइड रंग घालवतं, वय घालवत नाही. शिवाय त्यातून निघणारे रॅडिकल्स काही निवडून निवडून फक्त पिवळ्या रचनांवर जात नाहीत, मूळ पॉलिमरलाही चावे घेतात. वारंवार केलं तर सोल धुरकट आणि ठिसूळ व्हायचा धोका असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग फिक्स नाही, ही लॉग फाइल डिलीट करणं आहे. एरर दिसत नाही म्हणून सिस्टिम बरी झाली असं म्हणणाऱ्याला आपण टीममध्ये ठेवू का?

क्रीम केसांचंच आहे, तेव्हा उदाहरणही केसांचंच घेऊ. कोणी कलप लावला तर आपण काही बोलतो का? हौस आहे, लावतो. पण कलप लावून स्थळ बघायला जायचं आणि बायोडेटात वय दहा वर्षं कमी लिहायचं, याला काय म्हणाल? तेच इथे. कलपाला माझा विरोध नाही, बायोडेटाला आहे.

"एवढं काय त्यात, दिसायचीच तर वस्तू आहे," असं म्हणणारे भेटतात. नाही हो, नुसती दिसायची नाही. जॉर्डन ५ सारख्या बुटांचा मिडसोल पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत त्याचं हायड्रोलिसिस होतं आणि एक दिवस त्याचा चुरा होतो. मुंबईत दोन-तीन पावसाळे कपाटात पडलेला फॉर्मल बूट लग्नाला म्हणून काढावा आणि मांडवातच तळ सुटावा, हा प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पिवळा सोल गिऱ्हाइकाला सांगत असतो, "बाबा रे, माझं वय झालंय, जपून." ब्लीच करणारा नेमकी तीच सूचना पुसतो. पंधरा वर्षांचा जोड दोन वर्षांचा म्हणून कोणीतरी पगार साठवून घेतो, हौसेने घालतो, आणि चौथ्या दिवशी हातात भुगा. विकणारा तोवर नंबर बदलून मोकळा!

दुसरा युक्तिवाद: "म्युझियममध्येसुद्धा जुनी चित्रं दुरुस्त करतातच की." करतात ना. पण तिथली शिस्त काय? जे केलं त्याची नोंद ठेवायची, आणि शक्यतो पुन्हा काढता येईल असंच करायचं. आपल्याकडे नोंद शून्य, आणि पेरॉक्साइडला 'अनडू' नाही. तेव्हा म्युझियमचं नाव घेऊ नका, प्लीज.

आणि गंमत बघा. २०२२ मध्ये एअर जॉर्डन १ चा 'लॉस्ट अँड फाउंड' निघाला, कॉलरवर मुद्दाम भेगा, मिडसोल मुद्दाम जुनाट रंगाचा. २०२३ मध्ये जॉर्डन ३ चा 'व्हाइट सिमेंट' तसाच पिवळट करून आणला. लोकांच्या उड्या! म्हणजे कारखान्यात रंगवलेलं म्हातारपण आपण जादा पैसे मोजून घेणार, आणि खरंखुरं, वर्षं काढून मिळवलेलं पिवळेपण मात्र दोष म्हणून पुसणार. धन्य आहोत आपण.

यात खरेदीदारही धुतल्या तांदळासारखा नाही. वीस वर्षांचा बूट बर्फासारखा हवा हा हट्ट आपलाच. हट्ट असला की तो पुरवणारे भेटतातच.

तेव्हा मागणं अगदी साधं आहे. विकणाऱ्याने लिहावं: सोल ब्लीच केलाय, अमुक वेळा, अमुक साली. सोल दुसऱ्या जोडाचा काढून बसवला असेल तर तेही लिहावं. तो उघडपणे केला तर उत्तम कारागिरी आहे, त्याचे पैसे जरूर घ्यावेत. घेणाऱ्याने जुन्या जोडाचा सोल संशयास्पद स्वच्छ दिसला तर आधी विचारावं आणि मिडसोल अंगठ्याने दाबून बघावा. उत्तर टाळलं, तर सरळ उठून यावं.

आणि घरातला जोड पिवळा पडलाच असेल, तर मिडसोल धड आहे तोवर घाला आणि फिरा. बूट आहे तो, शोकेसमधला गणपती नव्हे.