स्की कोणती? आधी बर्फाला विचारा!

दिवाळी संपली की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘जानेवारीत गुलमर्ग. कोण कोण?’ मग अंगठे उठतात, घरी परवानगीची लढाई सुरू होते, बोरिवलीहून सुटणाऱ्या गाड्यांची तिकिटं शोधली जातात. आणि दोन दिवसांत दुसरा मेसेज येतो. ‘बेस्ट स्की कोणती रे?’ खाली रील्सच्या लिंका. रुंद, रंगीत, जाडजूड स्की आणि कमरेइतका उडणारा पांढरा भुगा.

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्नच चुकीचा आहे. बेस्ट स्की नावाची वस्तू नसते. आज सकाळी, या उतारावर, या बर्फावर, तुमच्या पायांना चालेल अशी स्की असते. दुपारी कदाचित तीच चालणार नाही.

पटत नाही? मग सांगा, पावसाळ्यात कान्हेरीच्या ओल्या कातळावर जाताना तुम्ही कॉलेजचे पांढरे स्नीकर्स घालता का? मॅटवर खेळताना स्पाइक्स घालता का? खेळपट्टी बघून संघ निवडायचा असतो, हे आपल्याकडे सातवीतलं पोरगंही सांगतं. बर्फाच्या बाबतीत मात्र आपण सगळे एकाच रंगाला भुलतो. पांढरं दिसलं की झालं.

दोन वर्षांपूर्वी मीही भुलले होते. वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले, मुलुंडच्या मैत्रिणीसोबत गेले आणि भाड्याच्या दुकानात जाऊन रीलमधल्यासारखी रुंद, माझ्या डोक्यापेक्षा उंच स्की मागितली. दुकानदाराने लेव्हल विचारली. मी ऐटीत सांगितलं, ‘इंटरमिजिएट.’ आयुष्यात तोवर बर्फावर उभी राहिले होते ती कुर्ल्याच्या मॉलमधल्या स्नो वर्ल्डमध्ये! दुकानदारानेही पुढे काही विचारलं नाही. मैत्रिणीने निमूट आखूड, ओरखडे पडलेली जोडी घेतली. रात्रभर थंडी पडून सकाळी उतार टणक झाला होता. तिसऱ्या वळणावर मी आडवी. पाय पिळला गेला, पण बूट स्कीतून सुटला नाही. पुढचे चार दिवस मी गुडघ्याला बर्फ लावून खिडकीतून बर्फ बघितला. परत आल्यावर सहा आठवडे घाटकोपर मेट्रोचा जिना कठडा धरून चढले. मैत्रीण मात्र कोर्स पूर्ण करून आली.

तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं, असं सगळं आता सांगते.

बर्फ एक नसतो

ताजा, भुसभुशीत पडलेला बर्फ म्हणजे पावडर. यंत्राने दाबून सारखा केलेला उतार वेगळा. रात्री गोठून काचेसारखा झालेला वेगळा. मार्चच्या दुपारी उन्हाने लगदा झालेला आणखी वेगळा. आणि सगळ्यात फसवा म्हणजे वरून पापडासारखी कडक पापुद्री, पाय दिला की खाली मऊ. एकाच डोंगरावर, एकाच दिवसात यातले तीन प्रकार भेटू शकतात.

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. स्कीची रुंदी मोजतात ती मधल्या सगळ्यात अरुंद जागी, मिलिमीटरमध्ये. ही तिची कंबर. साधारण ८५ मिमीच्या आतली कंबर दाबलेल्या आणि टणक उतारासाठी, ८५ ते १०० मिश्र बर्फासाठी आणि त्याच्या वरची पावडरसाठी. कंबर ७५ ऐवजी ११० घेतली, तर स्कीचं एकूण क्षेत्रफळ अंदाजे एक तृतीयांशाने वाढतं. दाब कमी होतो आणि भुसभुशीत बर्फात तुम्ही बुडत नाही, तरंगता.

मग सगळ्यांनी रुंदच का घेऊ नये? कारण टणक बर्फावर तरंगायचं नसतं, धरायचं असतं. तिथे काम करते ती स्कीची लोखंडी कड. वळताना एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायचं असतं. स्की जितकी रुंद, तितका वेळ जास्त आणि गुडघ्यावरचा पीळही जास्त. माझ्या गुडघ्याला विचारा.

आकाराचंही तसंच. काही स्की मधोमध कमानीसारख्या वर उचललेल्या असतात. उभं राहिलं की दाबल्या जातात आणि कड लांबवर बर्फाला टेकते, त्यामुळे टणक उतारावर पकड मिळते. काहींची टोकं लवकर वर वळलेली असतात. त्या मऊ बर्फात नाक खुपसत नाहीत. लांबीचा ढोबळ हिशोब असा, की नवख्याने हनुवटीपर्यंतची घ्यावी आणि हात बसेल तसं वर जावं. लांब स्की वेगात स्थिर राहते, पण वळवायला जड जाते.

हे फक्त नवख्यांचं रडगाणं नाही. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता गुलमर्गचा आरिफ खान. तो स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन शर्यतींत उतरला. नियमाप्रमाणे पुरुषांची स्लॅलमची स्की किमान १६५ सेंमी लागते आणि जायंट स्लॅलमची किमान १९३ सेंमी. माणूस तोच, स्पर्धा तीच, पण फाटकांमधलं अंतर बदललं की हत्यार बदललं. ऑलिम्पिकवाल्याला एक जोडी पुरत नाही आणि आपण पहिल्याच दिवशी ‘बेस्ट’ शोधतो!

काउंटरवर खरं बोला

स्कीपेक्षा महत्त्वाची दोन गोष्टींची नीट तपासणी. एक, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडून देणारी कळ. ती किती जोराला सुटावी, हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक स्की करता यावरून ठरतं. तुम्ही स्वतःला एक लेव्हल वर सांगितलंत, की कळ जास्त घट्ट लावली जाते. वजनात फुशारकी मारलीत किंवा लाजून पाच किलो कमी सांगितलेत, तरी गणित बिघडतं. माझा बूट का सुटला नाही, हे आता तुम्हाला कळलं असेल. इंस्टाच्या बायोमध्ये काय वाट्टेल ते लिहा, इथे नको.

दुसरं म्हणजे बूट. त्याचा नंबर पायाच्या लांबीवर असतो, सेंटिमीटरमध्ये. निघण्याआधी घरीच टाच भिंतीला लावून पाय मोजा. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की जराशी मागे आली पाहिजेत. मोजा एकच, पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन घातलेत तर पाय आत सरकतो आणि स्की ऐकत नाही.

विकत घेऊ? नको!

‘स्वतःची असली की आत्मविश्वास येतो,’ असं एक मत असतं. मला ते मान्य नाही. वर्षातून सात दिवस वापरायची वस्तू बोरिवलीच्या वन बीएचकेमध्ये ठेवणार कुठे? आपल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्या लोखंडी कडांना गंज चढणार तो वेगळाच. आणि बर्फाचाच भरवसा कुठे आहे? २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून २१ फेब्रुवारीला सुरू कराव्या लागल्या. २०२५मध्येही फेब्रुवारीतली स्पर्धा मार्चवर गेली. ज्याचा बर्फच ठरलेला नाही, त्याने स्की आधी ठरवायची कशी? भाड्याने घ्या आणि दुपारी बर्फ बदलला तर बिनधास्त बदलून मागा. तिसऱ्या वर्षीही जात असाल, तर आधी बूट घ्या. पाय तुमचा असतो, बर्फ नाही.

‘इन्स्ट्रक्टर देईल ती घ्यायची, एवढं डोकं कशाला लावायचं?’ हेही ऐकलंय. चांगला इन्स्ट्रक्टर मिळाला तर त्याचंच ऐका. पण सीझनच्या गर्दीत तीस जणांना स्की वाटणाऱ्या माणसाला तुमचं वजन स्वप्नात दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं. वाकलेली कड, हलणारी कळ दिसली तर नम्रपणे परत करायची.

आणि रुंद स्कीचा खरा धोका सांगते. ती तुम्हाला पावडरची हाक देते. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर नेतो, तिथला बर्फ कुणी दाबून ठेवलेला नसतो. २०२४च्या फेब्रुवारीत गुलमर्गमध्ये हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. तिथे जायला गाइड लागतो, शोधयंत्र लागतं, ते वापरायचा सराव लागतो आणि ‘आज नको’ म्हणायची अक्कल लागते. यातलं काहीच भाड्याच्या स्कीसोबत मिळत नाही.

तेव्हा यंदा मेसेज जरा बदला. ‘बेस्ट स्की कोणती?’ऐवजी ‘या आठवड्यात तिथे बर्फ कसा आहे?’ असं विचारा. निघायच्या दोन महिने आधी लिफ्ट सोडा, बिल्डिंगचे जिने चढा-उतरा, भिंतीला पाठ टेकून मांड्या थरथरेपर्यंत बसा. दुकानात गेलात की छाती न फुगवता सांगा, ‘पहिल्यांदाच आलोय.’ मग आखूड, अरुंद, ओरखडे पडलेली जोडी हातात येईल. फोटोत ती भारी दिसणार नाही. माझ्या मैत्रिणीचीही दिसत नव्हती. पण पाचव्या दिवशी ती उतारावरून वळणं घेत खाली येत होती आणि तिचा व्हिडिओ मी काढत होते. खिडकीतून.