लेख जतन होईना तेव्हां

कुलवृत्तान्त, श्राद्धतिथींची यादी, आजीबाईंच्या आठवणी इत्यादि मजकूर हल्लीं कित्येक कुटुंबें स्वतःच्या वेबसाईटवर ठेवूं लागलीं आहेत. होस्टिंगची जागा भाड्यानें घ्यावी, तीवर वर्डप्रेस बसवावें आणि घरांतील सर्वांनीं लिहावें, ही रीत आम्हांस पसंत आहे. परंतु दोन तास खपून लिहिलेला मजकूर जतन करावयास जावें, आणि ‘आलेलें उत्तर वैध जेसन नाहीं’ अशा अर्थाची पाटी पडद्यावर झळकावी, म्हणजे भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्यांतून ज्यानें वेबसाईट उभारली तो पुतण्या परगांवीं असला तर विचारावयासच नको!

अशा वेळीं पान रिफ्रेश करूं नये व बंदही करूं नये. लेख बहुधा पडद्यावर शाबूत असतो. तो आधीं सबंध निवडून दुसऱ्या फाइलींत उतरून घ्यावा. आजीबाई तीच आठवण त्याच शब्दांत पुन्हां सांगतीलच असें नाहीं.

डिसेंबर २०१८ मध्यें वर्डप्रेसच्या ५.० या आवृत्तीबरोबर जो नवा एडिटर आला, तो लेख पडद्याआडून सर्व्हरकडे धाडतो व ठराविक घडणीच्या पोंचेची वाट पाहतो. त्या घडणीचें नांव जेसन. पोंचेऐवजीं भलतेंच कांहीं हातीं आलें कीं वरील पाटी लागते. तेव्हां ही कांहीं व्याकरणाची चूक नव्हे. खोळंबा वाटेंत असतो.

प्रथम सेटिंग्जमधील परमालिंक्स उघडून, कांहींएक न बदलतां, पुन्हां जतन करावें. हा उपाय पोरकट वाटेल. पण त्यानें पत्त्यांचे नियम नव्यानें लिहिले जातात, आणि पुष्कळदां एवढ्यानेंच भागतें. न भागल्यास सेटिंग्जमधील दोन्ही पत्ते पाहावे. पान एचटीटीपीएसनें उघडतें आणि तेथें मात्र जुनें एचटीटीपीच राहिलें आहे, असा घोळ आढळतो.

सुरक्षेचीं प्लगइनें व सर्व्हरचा फायरवॉल हे तर फाजील दक्ष द्वारपाल! त्यांची परीक्षा सोपी आहे. एका ओळीचा नवा लेख लिहून पाहावा. तो जतन झाला आणि मोठा होत नसला, तर मोठ्यांतील एखादी ओळ द्वारपालास घातक वाटत असण्याचा संभव आहे. लेख तुकड्यांतुकड्यांनीं जतन करीत गेल्यास ती सांपडते. सुरक्षेचें प्लगइन क्षणभर बंद करूनही अडथळा तसाच राहिला, तर टूल्समधील साइट हेल्थ काय म्हणतें तें, आणि ४०३ सारखा आंकडा दिसला असल्यास तोही, वेळेसह होस्टिंगवाल्यांस कळवावा. नुसतें ‘चालत नाहीं’ लिहिल्यास उत्तरही तसेंच मोघम येतें. तोंपर्यंत ‘क्लासिक एडिटर’ हें प्लगइन बसवून जुन्या वाटेनें जतन होतें का पाहावें.