कोऱ्या डायरीवर सही करू नका

आज खताचं, करप्याचं काही नाही. आज सहीबद्दल लिहितोय. राग आला तरी चालेल, पण पुरतं वाचा.

दर पावसाळ्यात गावोगाव कृषिदूत, कृषिकन्या येतात. बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाची पोरं. जाताना त्यांच्या डायरीवर शेतकऱ्याची सही लागते, सरपंचाचा शिक्का लागतो. "पोरगं आहे, कशाला अडवायचं" म्हणून आपण देऊन टाकतो. आत काय लिहिलंय ते कोण वाचतो? माझं म्हणणं सरळ आहे. न झालेल्या कामावर सही दिली तर त्यात त्या पोराचं भलं नाही, नुकसान आहे. आणि आता तर हे फक्त अ‍ॅग्रीच्या पोरांपुरतं राहिलेलं नाही.

आधी कल्याण-डोंबिवलीकडचं सांगतो. २०२३ साली सरकारनं नवीन शैक्षणिक धोरणाचा निर्णय काढला. त्यात एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पोरांना पहिल्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे इंटर्नशिप, सक्तीची केली. चार क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास. पदवीच्या पोरांनाही शेवटच्या वर्षाला तेच. कल्पना वाईट नाही. नुसतं पुस्तक वाचून धंदा येत नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण पोरानं १२० तास भरायचे हे लिहिलं, ते भरून घ्यायची जबाबदारी कुणाची? बहुतेक ठिकाणी कॉलेज एक पत्र देतं आणि म्हणतं, जा, शोध.

माझा पुतण्या कल्याणच्या एका कॉलेजात एम.कॉम. करतो. वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, ठाण्यातली सीए लोकांची ऑफिसं, सगळीकडे बायोडाटा टाकून झाला. चाळीसएक मेल केले. उत्तर आलं दोघांचं. एकानं सांगितलं, तीन महिने रोज ये, पैसे नाहीत, गाडीभाडं पण नाही. दुसऱ्यानं सांगितलं, यायची गरजच नाही, तीन हजार भर, सर्टिफिकेट घरी येईल. पुतण्या मला म्हणाला, "काका, वर्गातल्या बऱ्याच जणांनी तेच केलंय." आता सांगा, कष्ट करणारा मूर्ख ठरला की नाही?

कोणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत की. आहेत, पण बघा कुणासाठी आहेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली. बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. आधी सहा महिने, मग पाच वाढवून अकरा. पण शिक्षण चालू असलेला त्यात बसत नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ ला आली तेव्हा तिच्यात ५०० मोठ्या कंपन्या, महिना ५,००० रुपये, वय २१ ते २४ असं होतं. तिथंही पूर्णवेळ शिकणारा चालत नव्हता. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात आणि त्यांना ठरलेलं विद्यावेतन द्यावं लागतं. म्हणून कंपनी पोराला "अ‍ॅप्रेंटिस" म्हणतच नाही, "इंटर्न" म्हणते. नाव बदललं की पैसे द्यायचं संपलं. कॉलेजात असताना ज्याला सक्तीनं काम करायला लावलंय, त्याच्याच हातात काही पडत नाही.

आता आपल्याकडे या. अ‍ॅग्रीच्या पोरांचा हा कार्यक्रम काही कालचा नाही. १९९२ साली रंधावा समितीनं शिफारस केली की कृषी पदवीच्या पोरानं गावात राहून, शेतकऱ्याबरोबर काम करून शिकावं. हेतू चांगला होता. पुढे पाचव्या अधिष्ठाता समितीनं वीस आठवड्यांचा आराखडा केला, त्यात गावात राहायचे आठवडे आठ. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. आपलं हळवं भातसुद्धा पेरणीपासून शंभर दिवस घेतंच, गरवं तर साडेचार-पाच महिने. मग आवणीला आलेल्या पोरानं कापणी कधी बघायची? त्यानं सांगितलेली बीजप्रक्रिया फळली की नाही, हे त्याला कळणार कसं?

आणि त्या ५६ दिवसांत होतं काय? बॅनर आधी छापून येतो. एक दिवस माती नमुना, एक दिवस बीजप्रक्रिया, एक दिवस बोर्डो मिश्रण, एक दिवस झाडं लावायची. प्रत्येकाचा फोटो, फोटोत आपण चौघं उभे, पेपरात बातमी "कृषिदूतांचे शेतकऱ्यांना मार्गदर्शन". दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, पोचट भात वर येतं ते काढून टाकायचं, हे आमच्या आयांना ठाऊक होतं. पोरांनी ते दाखवायला हरकत नाही. पण तेच भात राबात पेरून, आवण खणून, चिखलात वाकून दिवसभर लावलं तर कळतं की शेतकरी नवीन पद्धत का टाळतो. दोरी धरून चारसूत्री लावणी करायची तर बाई किती जास्त लागतात, मजुरी किती वाढते, हे खाचरात उतरल्याशिवाय कळत नाही. उद्या हाच पोरगा सहायक कृषी अधिकारी होऊन येणार आणि "चारसूत्री करा" म्हणून सांगणार.

पोरांना शिव्या द्यायला लिहीत नाही. पोरं चांगली असतात. त्यांना सांगितलेलंच काम फोटोचं असतं. डायरी भरली, मार्क मिळाले. प्राध्यापक साहेब एकदा गाडीतून येतात, बांधावर फोटो काढतात, जातात. डायरी खोटी असली तरी खरी ठरते, कारण खाली आपली सही असते. शहरातला तीन हजार घेऊन खोटं सर्टिफिकेट देतो, आपण फुकट देतो. फरक तेवढाच.

आता दुसरी बाजू. ठाण्यात, कल्याणात पोरांना जागा मिळत नाही म्हणतात, आणि मुरबाड-शहापुरात कामाला माणूस नाही. आवणीलाच नाही असं नाही, लिहिण्या-वाचण्याच्या कामालाही नाही. एम.कॉम.च्या दुसऱ्या सत्राची इंटर्नशिप जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान येते. तेव्हाच शेतकरी उत्पादक कंपन्यांचा हिशोब मार्चअखेरला अडकलेला असतो. वह्या अर्धवट, बिलं पिशवीत, सभासदांचे शेअर कुणाला किती ते एका माणसाच्या डोक्यात. तेव्हाच भेंडी, काकडी, दुधी निघते आणि कल्याणच्या मार्केटला जाते. गाडीभाडं, हमाली, तोलाई, दलाली वजा करून शेतकऱ्याच्या हातात किलोमागं किती पडले, हे कुणी रोज लिहून ठेवलंय? कॉमर्सच्या दोन पोरांनी १२० तास एवढंच लिहिलं तरी पुढच्या वर्षी माल कुठं पाठवायचा ते ठरवता येईल. कॉम्प्युटरवाल्या पोरांना ई-पीक पाहणी आणि फार्मर आयडी आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, पण म्हाताऱ्या माणसाला तो मोबाईल आजही हाताळता येत नाही. केमिस्ट्रीवाल्याला माती-पाणी परीक्षण आहे. सकाळी मुंबईकडची लोकल भरून जाते, आसनगावकडे बसायला जागा मिळते. पोरांनी या बाजूला बघावं, कॉलेजनं हे तास मोजावेत.

पण पोरगा आला म्हणून फुकट राबवून घ्यायचं, असं मी म्हणत नाही. आपल्यातलेच काही म्हणतील, "आम्हालाच शिकवायचं, आवण मोडणार तो, वर पैसे आम्हीच द्यायचे?" याचं उत्तर आहे. नुसता बघायला, शिकायला आला असेल तर जेवण घाला, पैसे देऊ नका. पण मग डायरीत "काम केले" असं लिहू देऊ नका, "पाहिले" असं लिहा. ज्या कामानं तुमचा मजूर वाचला किंवा कंपनीचा हिशोब झाला, त्याचे पैसे द्या. २०२५-२६ ला रोहयोची मजुरी ३१२ रुपये होती. आठ तासांच्या हिशोबानं १२० तासांचे पंधरा दिवस, म्हणजे ४,६८० रुपये. उत्पादक कंपनीला, सोसायटीला हे जड नाही. एकट्या शेतकऱ्याला जड वाटलं तर दोघांनी वाटून घ्या.

म्हणून माझ्याकडून एवढं ठरवलंय, तुम्हीही ठरवा:

१) डायरी पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही. जेवढे दिवस आला तेवढेच दिवस.
२) पाहिलं ते पाहिलं, केलं ते केलं. दोन्ही वेगळं लिहायचं.
३) सरपंचांनी गठ्ठ्यानं शिक्के मारू नयेत. शेतकऱ्याची सही आधी, शिक्का नंतर.
४) आवणीला आलेल्या पोरानं कापणीला परत यावं. आठ आठवडे सलग कशाला हवेत? दोन तुकडे करा. विद्यापीठातले साहेब हे पेज वाचतात, त्यांनी याचा विचार करावा.
५) उत्पादक कंपन्यांनी, सोसायट्यांनी कल्याण-मुरबाडच्या कॉलेजांना डिसेंबरातच पत्र द्यावं: आमच्याकडे अमुक काम आहे, इतकी पोरं हवीत, इतके पैसे देऊ.

कोणी म्हणेल, सही अडवली तर पोराचं वर्ष जाईल. नाही जाणार. पहिल्याच आठवड्यात सांगा की सही कामावर मिळेल. शेवटच्या दिवशी अडवणं हा आडमुठेपणा झाला, पहिल्या दिवशी सांगणं हा व्यवहार झाला. पुतण्याला मी हेच सांगितलंय: तीन हजार भरू नकोस, मार्चमध्ये इकडे ये, वह्या घेऊन बस. कॉलेज ते तास मानतंय का बघू. नाही मानलं तर का नाही मानलं ते लेखी मागू, आणि ते पत्र इथंच टाकीन.

तुमच्या गावात डायरी कशी भरली जाते ते खाली लिहा. सहायक कृषी अधिकारी मंडळींनीही लिहा, तुम्ही पण एकेकाळी कृषिदूतच होता.