घंटा लवकर की मुलगी उशिरा?



आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. हो, बाईसुद्धा चुकतात! या चुकीतून आम्हांला घड्याळाचं एक गुपित कळलं, म्हणून ती सांगायला मला लाज वाटत नाही.

आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी आपोआप वाजणारी घंटा तयार केली होती. तळहातावर मावेल एवढा एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटासा संगणक. पण नुसती चिप काय करणार? तिला मदतनीस हवेत. वेळ दाखवायला छोटा पडदा, घंटेचा विजेचा प्रवाह चालू-बंद करायला रिले, आणि चिपच्या पोटातच बसून मोजणी करणारा टायमर. या मदतनीस भागांना पेरिफेरल म्हणतात.

प्रदर्शन संपल्यावर मुख्याध्यापकांनी ती घंटा व्हरांड्यातच लावून टाकली. एका सोमवारी मोबाइल बघून मुलांनी तिची वेळ लावली. वीज गेली तरी ती इन्व्हर्टरवर चालायची. शिपाईकाका खूश, आम्हीही खूश!

थोडे दिवस गेले आणि माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी उशिरा येऊ लागली. आधी एक-दोन मिनिटं, मग तीन, मग चार. ती लांबच्या वस्तीवरून चालत येते. कधी वेळ न चुकवणारी मुलगी! मी तिला दारात उभं केलं.

"बाई, मी रोजच्याच वेळेला निघते."

"मग काय, रस्ता लांबला का तुझा?" मी म्हणाले. सगळा वर्ग हसला. ती मात्र खाली मान घालून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी ती हळूच म्हणाली, "बाई, मी आईच्या मोबाइलमध्ये बघून निघते." मी माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते घंटेशी बरोबर जुळत होतं. मग चूक कोणाची? तिचीच!

पण थांबा. माझं घड्याळ मी कशावरून लावलं होतं? दोनच दिवसांपूर्वी, त्याच घंटेवरून! ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला होता आणि आता घंटा आहे म्हणून कोणी तो बदललाही नव्हता. मी पर्समधून मोबाइल काढला. घंटा ५ मिनिटं पुढे होती. मुलगी वेळेवरच येत होती.

सातवीची मुलं धावत आली. "बाई, आमचा प्रोग्राम बरोबर आहे!" आणि खरंच, प्रोग्राम बरोबर होता. मग चुकलं कुठे?

आपण गणितच करू या. घंटा लावून १५ दिवस झाले होते. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. ३०० भागिले १५, म्हणजे रोज २० सेकंद. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात २० चा फरक म्हणजे १०,००० सेकंदांत जेमतेम सव्वादोन सेकंद. बोर्ड तसा हुशारच म्हणायचा! पण रोजची चूक दुसऱ्या दिवशीच्या चुकीत मिळत जाते. भिशीत पैसे साठावेत तशी ती साठते.

आता ही चूक येते कुठून? टायमरला वेळ कळत नाही, त्याला फक्त मोजता येतं. आमच्या बोर्डावर सिरॅमिक रेझोनेटर नावाचा एक चिमुकला भाग आहे. वीज दिली की तो सेकंदाला १ कोटी ६० लाख वेळा थरथरतो. तेवढी थरथर मोजून झाली की चिप म्हणते, "झाला एक सेकंद!" पण रेझोनेटर थोडा घाईत असला तर? आमचा रेझोनेटर सेकंदाला सुमारे ३,७०० वेळा जास्त थरथरत होता. त्यामुळे मोजणी आधीच संपायची आणि घंटा लवकर वाजायची. अशा रेझोनेटरला हजारात पाचपर्यंत फरक माफ असतो. तेवढा फरक पडला तर घड्याळ दिवसाला ७ मिनिटं १२ सेकंद चुकेल! बोर्डाच्या बाकीच्या कामांना हा भाग पुरतो, महिनोन्‌महिने वेळ सांभाळायला नाही.

मुलांनी आधी सोपा उपाय केला. बोर्डाला सांगितलं, "बाबा रे, तुझ्या ८६,४२० सेकंदांचा एक दिवस धर." थंडीचे दिवस होते, घंटा छान चालली. मार्चअखेर व्हरांड्यावरचा पत्रा तापला आणि पुन्हा फरक दिसू लागला. तापमान बदललं की थरथरण्याचा वेगही बदलतो ना!

मग त्यांनी बोर्डाला एक नवा मदतनीस जोडला. त्याचं काम एकच, वेळ सांभाळणं. त्यातल्या चिपचं नाव डीएस ३२३१. तिच्या पोटात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. आपली गारगोटी याच खनिजाची. हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. असला विचित्र आकडा का बरं? वही घ्या आणि त्याची निम्मी करत जा. बरोबर १५ वेळा निम्मी केली की उत्तर येतं १. चिपला निम्मी करणं फार सोपं जातं, म्हणून हा आकडा. तुमच्या घरातल्या सेलवरच्या बहुतेक घड्याळांतही हाच आकडा असतो.

या चिपमध्ये थर्मामीटरही असतो. ऊन वाढलं की ती स्वतःच स्वतःची चाल दुरुस्त करते. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक १० लाखांत २ पेक्षा जास्त नसते, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. शिवाय तिच्याजवळ बटणासारखा छोटा सेल असतो, त्यामुळे बोर्ड बंद पडला तरी तिची मोजणी चालूच राहते.

आणि त्या मुलीचं काय? ज्या दिवशी मोबाइल पाहिला, त्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर मी तिला म्हणाले, "तू बरोबर होतीस. मी न तपासता तुला बोलले. माझं चुकलं." ती काही बोलली नाही, नुसती हसली आणि जागेवर जाऊन बसली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी 'उशीर' असं लिहिलं होतं. ते मी तिच्यासमोरच खोडलं.

आता तुमचा गृहपाठ. घरातलं सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ निवडा. मोबाइलमधल्या आपोआप लागणाऱ्या वेळेशी ते किती सेकंद मागे किंवा पुढे आहे, ते लिहून ठेवा. १० दिवस त्याला हात लावायचा नाही. आई-बाबांनाही सांगून ठेवा! अकराव्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बघा. आधीचा आणि आताचा फरक यांची वजाबाकी करून १० ने भागा, की त्याची रोजची चूक मिळेल. गंमत म्हणजे, ५ मिनिटं पुढे असलेलं घड्याळही चालीला अगदी पक्कं असू शकतं. ते कसं, याचा जरा विचार करा आणि मला पत्रानं कळवा.

तुमच्या,
बाई