धाकट्यालाही फेरात घ्या!

दोस्तांनो, भोंडल्याचा फेर रंगात आला की घरातलं धाकटं भावंड नेमकं मध्ये घुसतं, हो ना? पाटावरचा हत्ती पुसतं, उलट्या बाजूला चालतं, टाळी चुकवतं. मग ताई ओरडते, "याला आत न्या गं कुणीतरी!" आज मी त्या लुडबुड्याची बाजू घेणार आहे.

तुम्हाला फेर सोपा वाटतो. तीन वर्षांच्या मुलाला मात्र ती कसरतच असते. दोन्ही हात शेजारच्यांनी धरलेले, म्हणजे तोल गेला तर हात पसरून सावरायची सोय नाही. त्यात पाय आडवे टाकायचे, तेही गाण्याच्या ठेक्यावर! या वयात टाळी ठेक्यावर पडत नाही, शाळेत जायच्या वयापर्यंत ती हळूहळू जमू लागते. आणि एक गंमत सांगू? छोट्यांना संथ गाण्यापेक्षा जरा चटपटीत ठेकाच सोपा जातो.

आता फुगडी. (मुलग्यांनो, नाकं मुरडू नका. पंढरीच्या वारीत मोठमोठे बाप्ये फुगडी घालतात!) आपल्या कानात आत खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत पातळ द्रव असतो. आपण गरगर फिरलो की तोही फिरू लागतो. आपण थांबलो तरी तो लगेच थांबत नाही, म्हणून घर फिरल्यासारखं वाटतं. डोळे, पाय आणि हा कान यांचा मेळ घालायला मेंदू अशा खेळांतूनच शिकतो.

पण इथे एक गोष्ट आई-बाबांनाही वाचून दाखवा. पाच वर्षांखालच्या मुलाला हात धरून गरगर फिरवू नका, हाताला धरून उचलूही नका. एवढ्या लहान मुलांचं कोपराजवळचं हाड ओढ बसली की जागेवरून सटकू शकतं. मग मूल रडतं आणि तो हात हलवतच नाही. अशा वेळी घरी चोळत बसू नये, सरळ डॉक्टरांकडे न्यावं. ते सहसा चटकन बसवून देतात. उचलायचंच असेल तर काखेत हात घालून उचला.

मग छोट्याशी फुगडी कशी घालायची? त्याचे पाय जमिनीवरच राहू द्या, हात सैल धरा, तुम्ही मागे झुकू नका. सावकाश दोन-तीन फेऱ्या झाल्या की खाली बसवा. बसफुगडी आणि कोंबडा त्याला एकट्यालाही करता येतात. उकिडवं बसून उड्या मारताना मांड्या अशा भरून येतात की विचारू नका! तुम्हीच दहा मारून बघा.

आणि हो, खिरापत ओळखायचा पहिला मान त्याचा. डबा वाजवून दाखवा. तो रोज "लाडू!" म्हणेल, म्हणू द्या. एखाद्या दिवशी लाडूच निघतील की!